रात्री घरात काय वाजतं? नव्या भूतशोधकांसाठी पुरावे जमवण्याची रीत

“दादा, मशीन घेऊन या की. आमच्या माडीवर कोणतरी चालतंय रोज.”

असा फोन आला की ओळखायचं, समोरच्याने हिरव्या अंधारात कुजबुजत फिरणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघितलेत. आता हे येणार, मशीन टुंई करणार, लाल दिवा लागणार आणि बाई आहे की बुवा ते कळणार, असं त्याला वाटत असतं. तसलं मशीन आमच्याकडे आहेही. बरीच वर्षं झाली, कपाटात पडून आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

मी सोलापुरात लग्नाच्या मांडवात साउंड लावतो. सोबत दोघे असतात, एक वायरमन आणि एक फोटो स्टुडिओवाला. भुतं शोधायचं हौस म्हणून सुरू केलं होतं. पहिली दोन वर्षं आम्ही जे काही ‘पुरावे’ म्हणून जमवलं, ते आज ऐकायलाही लाज वाटते. त्यात आमचीच कुजबुज, आमच्याच चपला आणि एकदा तर आमच्याच स्टुडिओवाल्याच्या पोटातली गुरगुर होती. भूत असतं की नसतं यावर मी इथे वाद घालणार नाही. रात्रभर जागून आणलेली गोष्ट सकाळी चहाच्या टेबलावर टिकावी कशी, एवढंच सांगतो.

फोनवरच अर्धं काम होतं

वही काढा. कधीपासून, किती वाजता, घरातल्या कोणाकोणाला, कोणत्या खोलीत हे लिहून घ्या. मग सगळ्यात कामाचा प्रश्न: “त्याच्या आधी घरात नवीन काय झालं?” नवीन भाडेकरू, नवी बोअर, शेजारी लागलेला कापडाचा माग, वर टाकलेली टाकी, आजोबांना सुरू झालेलं औषध, काहीही चालेल.

दोन उत्तरं ऐकू आली तर मशीन वगैरे विसरा. पहिलं उत्तर असं: “जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणतरी बसलेलं असतं.” आपल्याकडे याला मुंज्या बसला म्हणतात. मेंदू जागा झालेला असतो, स्नायू मात्र अजून स्वप्नाच्या झोपेत जखडलेले असतात, म्हणून असं होतं. अपुऱ्या झोपेने आणि रात्रपाळीने ते वाढतं. कारखान्यात पाळ्या बदलत काम करणाऱ्यांत मी हे पुष्कळदा ऐकलंय. त्यांना डॉक्टरकडे पाठवा.

दुसरं उत्तर जास्त घाईचं. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि शिवाय सावल्या दिसतायत. आत गॅस गिझर किंवा कोळशाची शेगडी आहे का विचारा. विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रवैद्याने १९२१ मध्ये अशाच एका कुटुंबाची हकीकत छापली होती. त्या घरात पावलं वाजायची, अनोळखी माणसं दिसायची. दोष निघाला बिघडलेल्या भट्टीत, घरभर कार्बन मोनॉक्साइड पसरत होता. या वायूला वास नसतो, रंग नसतो. अशा घराला फोनवरच सांगायचं की आधी खिडक्या उघडा आणि बाहेर या, भुताचं नंतर बघू.

परवानगी कागदावर घ्या

मालकाची सही, तारीख, कोणत्या खोल्यांत जाणार, रेकॉर्डिंग कुठे वापरणार, सगळं कागदावर. भाडेकरूने बोलावलं असेल तर दोघांची सही.

नव्या पोरांना घरांपेक्षा बंद गिरण्यांची ओढ जास्त. सोलापुरात १८७० च्या दशकात पहिली सूतगिरणी उभी राहिली, पुढे गिरणगाव म्हणून शहराचं नाव झालं, मग भोंगे बंद पडले. पडक्या भिंती आणि धुराच्या चिमण्या बघितल्या की रात्री भिंत चढून आत उतरावंसं वाटतंच. जाऊ नका. बेकायदा प्रवेशाचा गुन्हा आहे, कुजलेल्या लाकडी मजल्यांखाली काय आहे ते दिसत नाही, आणि साप आहेतच. हे सगळं सोडलं तरी पुरावा म्हणून तिथलं काहीच कामाचं नसतं. त्या आवारात त्या रात्री आणखी कोण शिरलं होतं हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. भुईकोट किल्ल्याचंही तेच, ते संरक्षित स्मारक आहे, रात्री तिथे तुमचं काही काम नाही. ज्या जागेची दारं तुम्ही मोजू शकता आणि किल्ल्या तुमच्या हातात आहेत, तीच जागा घ्या.

दिवसाउजेडी जा, आणि तेही दोनदा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. घराची साधी रात्र कशी असते हे माहीत नसेल, तर त्यातलं वेगळं काय ते कळणार कसं? माझ्या मते हौशी शोधाचं सगळं दुखणं इथेच आहे. माणसं थेट अमावास्येला रात्री बारा वाजता पोचतात आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज त्यांना नवा असतो.

कागदावर घराचा नकाशा काढा. टाकी कुठे, मोटार कुठे, पाइप कुठल्या भिंतीतून जातो, बाहेर विजेची डीपी किती फुटांवर, कबुतरं कुठे बसतात, घुशींची बिळं कुठे. माळवदाचं जुनं घर असेल तर लाकडी तुळया बघा, वर गव्हाणी घुबड राहतंय का बघा. हा पांढऱ्या तोंडाचा पक्षी रात्री असा काही घोगरा किंचाळतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं पाणी पाणी होतं. त्याची विष्ठा आणि उंदरांच्या हाडाकेसांचे गोळे खाली पडलेले असतात, दिवसा सहज दिसतात.

पत्र्याचं घर असेल तर हिशेबच मांडा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्रा तर ६० अंशांपर्यंत तापतो. रात्री तो २५ अंशांच्या आसपास आला, तर १२ फुटी पत्रा साधारण दीड मिलिमीटर आखडतो. स्क्रूने जखडलेला पत्रा हळूहळू आखडत नाही, ताण साठवतो आणि एकदम सुटतो. टक्. मग दोन मिनिटांनी पुढचा स्क्रू. टक्. खाली झोपलेल्या माणसाला वाटतं वर कोणतरी एकेक पाऊल टाकत चाललंय. हे तपासायला सोपं आहे: दर १५ मिनिटांनी तापमान लिहा आणि त्यापुढे त्या वेळात किती टक् झाले ते लिहा. पारा उतरायचा थांबला की पावलंही थांबतात.

दुसरी गोष्ट हवेची. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर निघून जातो. रात्री उघडं माळरान लवकर निवतं, जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम राहते, त्यामुळे लांबचा आवाज वरून वळून पुन्हा खाली येतो. म्हणून दिवसा कधी न ऐकू येणारी रेल्वे रात्री दोनला उशाशी आल्यासारखी वाटते. पूर्व भागातल्या एका बंद कारखान्यात मध्यरात्री माग चालतो असं आम्हाला सांगितलं होतं. चालत होताच. खटक्-खटक् स्पष्ट ऐकू यायचं. पण तो माग तीन गल्ल्या पलीकडचा होता, चालू, रात्रपाळीचा.

आणि तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची: पाणी. साखर पेठेच्या बाजूच्या एका दुमजली घरातली गोष्ट सांगतो. जिन्याखालच्या भिंतीत रात्री कोणतरी मुठीने मारतंय, ठक् ठक् ठक्, मग लांब सुस्कारा. काही दिवस नाही, मग एका रात्री तीन-चार वेळा, मग पुन्हा शांत. घरच्यांनी सगळे उपाय करून झाले होते. आम्ही त्यांना एकच काम दिलं, आवाज झाला की कॅलेंडरवर तांबडी खूण करा. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा घरातल्या अक्कांनी कॅलेंडर पुढे केलं. त्यावर आधीच निळ्या गोल खुणा होत्या. त्या कसल्या विचारलं.

“पाण्याचा वार हाय की ओ तो.”

म्हणजे त्यांच्या गल्लीत पाळीने नळाला पाणी येण्याचा दिवस. निळी आणि तांबडी खूण जुळत नव्हती. पण तांबडी खूण प्रत्येक वेळी निळ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. वायरमन मागच्या गल्लीत गेला आणि विचारून आला, तिथली पाळी यांच्यानंतर एका दिवसाने असते. मागच्या घराची जुनी लोखंडी लाइन दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीला लागून होती. नळाला पाणी येताना आधी हवा येते, तोच सुस्कारा. मग पाण्याचा दाब अडतो आणि सुटा पाइप भिंतीवर आपटतो. क्लॅम्प बसवायला शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत. पाण्याच्या वाराची नोंद ठेवल्याशिवाय सोलापुरात कुठल्याही घराबद्दल काहीही बोलू नका.

माणसांना एकेकटं बसवून विचारा

सगळं घर एका सतरंजीवर बसवून विचारलं की पहिला बोलतो तीच सगळ्यांची आठवण होते. सासूबाई म्हणाल्या पांढरी साडी, की सुनेलाही साडीच आठवते. खोटं कोणी बोलत नसतं, आठवण अशीच वागते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून नुसत्या क्रियापदाने साक्षीदारांचा वेगाचा अंदाज बदलून दाखवला होता. गाड्या ‘एकमेकींवर आदळल्या’ असं विचारलं की लोक जास्त वेग सांगायचे.

तेव्हा “बाई होती का माणूस?” असं विचारूच नका. “काय झालं ते पहिल्यापासून सांगा” म्हणा आणि गप्प बसा. मधे थांबले तर “मग?” एवढंच. प्रत्येकाला कोऱ्या कागदावर जागा काढून दाखवायला लावा. पोरांची चित्रं मोठ्यांना दाखवू नका. आणि घरात नातवंडापासून आजीपर्यंत कोणी कुठल्या भाषेत सांगायला मोकळं आहे ते बघा, तेलुगू, कन्नड किंवा दखनी उर्दूत सांगणाऱ्याला जबरदस्तीने मराठीत आणलं की बारीक तपशील गळतात.

सामान: कमी घ्या, पण ओळखीचं घ्या

आता त्या मशीनची गोष्ट. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं पाच दिव्यांचं यंत्र आम्ही पैसे जमवून मागवलं. पहिल्याच घरात देव्हाऱ्याशेजारी चार दिवे लागले. घरच्यांनी हात जोडले, आम्हीही गंभीर चेहरे केले. वायरमन मात्र उठला, मेन स्विच खाली ओढला. दिवे विझले. वर केला, पुन्हा लागले. देव्हाऱ्यामागून अर्थिंग नसलेली जुनी वायर गेली होती. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, तिच्या तारेजवळ कुठेही असं यंत्र बोलणारच. मोबाइलने टॉवरशी बोलणं सुरू केलं तरी बोलतं. भुतामुळे असं क्षेत्र बदलतं याला आजवर काही आधार मिळालेला नाही. ते यंत्र वायरिंगचा दोष शोधायला चांगलं आहे, त्या घराची वायर आम्ही बदलून घ्यायला लावली हेही नसे थोडके. फोनवरची ‘घोस्ट डिटेक्टर’ अ‍ॅप तर फोनातला होकायंत्राचा सेन्सर वाचतात. पृथ्वीचंच चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. खाटेच्या लोखंडी पट्टीजवळ फोन नेला की आकडा उसळतो.

लेझरची तापमान-बंदूक घेणाऱ्यांची फसगत वेगळी. ती हवेचं तापमान सांगत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं सांगते. खोलीच्या मधोमध ‘गार जागा’ सापडली म्हणून बंदूक रोखाल तर ती मागच्या भिंतीचा आकडा देईल, आणि जुन्या दगडी भिंतीचा प्रत्येक कोपरा निराळा असतो. साधा टांगता थर्मामीटर बरा.

मी काय नेतो? दोन ध्वनिमुद्रक, वही, दोन पेन, टॉर्च, चिकटपट्टी, थर्मामीटर. मुद्रक दोनच का? एक आत, एक बाहेर गल्लीत किंवा गच्चीवर. बाहेरच्याला आम्ही पंच म्हणतो. आतल्यावर आलेला आवाज पंचावर जास्त मोठा असेल, तर तो बाहेरचा, विषय संपला. हा एक नियम पाळला तर निम्म्याहून जास्त क्लिपा जागीच गळून पडतात.

मुद्रण डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच चॅनेल. तासाला साधारण ३०० एमबी लागतात, रात्रभराचे अडीच जीबी. फोनवर करायचंच झालं तर नॉइज रिडक्शन बंद करता येईल असं अ‍ॅप घ्या. फोन माणसाचं बोलणं पोचवायला बनवलेला असतो. पंख्याची घरघर तो दाबतो, आवाज बारीक झाला की आपणहून वाढवतो, आणि या ओढाताणीत घरघरीतूनच शब्दासारखे तुकडे तयार होतात.

रात्रीचे नियम

दहाच्या आत सगळं लावून झालं पाहिजे. दोन्ही मुद्रक एकत्र धरून एक टाळी वाजवा, तारीख-वेळ मोठ्याने बोला, मग ज्याच्या त्याच्या जागी ठेवा. पहाटे उचलताना परत एक टाळी. प्रत्येक मुद्रकाचं घड्याळ थोडंफार सरकतं, दोन टाळ्यांमुळे फाइली जुळवता येतात. फाइली नीट जुळल्या की आवाज कोणाकडे आधी पोचला हेही दिसतं. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, खोलीभर अंतराला संगणकाच्या पडद्यावर चांगला फरक पडतो.

फोन फ्लाइट मोडवर. कुजबुज बंद. हे दोनदा वाचा. बोलायचं तर नेहमीच्या आवाजात बोला, कारण तुमची कुजबुज चार दिवसांनी तुम्हालाच ओळखू येत नाही. आपल्याकडून झालेला प्रत्येक आवाज लगेच कबूल करायचा: “माझी खुर्ची, दोन वाजून दहा.” “मी खोकलो.” “बाहेर कुत्रं.” सुरुवातीला हसू येतं. नंतर ऐकताना याच कबुल्या वाचवतात. सुपारीची पुडी, नायलॉनचं जॅकेट, पायातलं पैंजण घरीच ठेवा. जेवून या. आमची गाडी कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या डब्यावर चालते, पण डबा दहाच्या आत संपवायचा, मुद्रकासमोर कडक भाकरी मोडली की काय ऐकू येतं ते सांगायला नको.

तारीख निवडताना अमावास्येचा हट्ट सोडा. एक अमावास्या घ्या आणि एक सामान्य मंगळवार घ्या, दोन्ही रात्री सारखंच काम करा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असताना सिद्धेश्वर तळ्याच्या आसपासच्या घरात मुद्रण लावण्यात अर्थ नाही, पाळणे आणि कर्णे यांनीच फाइल भरते.

भीती वाटली तर? वाटतेच. नोंद करा, “मला तीन वाजता मानेवर काटा आला.” ही तुमची नोंद आहे, त्या जागेची नाही. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचे व्हिक टँडी यांनी १९९८ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या प्रयोगशाळेतल्या सावल्या आणि अस्वस्थपणा एका नव्या पंख्यामुळे होता. तो पंखा १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा कंप निर्माण करत होता. पुढे २००९ मध्ये लंडनच्या ख्रिस्तोफर फ्रेंच यांच्या गटाने एका खोलीत असा कंप आणि चुंबकीय क्षेत्र चालू-बंद करून बघितलं. लोकांना विचित्र अनुभव आले, पण ते यंत्र बंद असतानाही आले. ‘इथे काहीतरी वाटेल’ एवढं सांगणंच पुरलं. म्हणून नव्या साथीदाराला घराची गोष्ट आधी सांगू नका. त्याला काय वाटतं ते कोऱ्या मनाने लिहू द्या.

फोटो आणि सीसीटीव्ही

फोटोतले उडते पांढरे गोळे म्हणजे लेन्सजवळची धूळ, फ्लॅशने उजळलेली आणि फोकसबाहेर गेलेली. विश्वास नसेल तर एक सोलापुरी चादर घ्या, अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर जोरात झटका आणि लगेच फ्लॅश मारा. पितरांची अख्खी बैठक दिसेल. माग असलेल्या घरात चादर झटकायचीही गरज नाही, हवेत सुताचे तंतू असतातच.

फोनचा नाइट मोड वापरू नका. तो काही सेकंदांत अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. त्या वेळात कोणी समोरून गेलं की अर्धपारदर्शक माणूस तयार. आमच्या स्टुडिओवाल्याच्या मते निम्मी ‘भुतं’ ही अशी मित्रांचीच असतात. एका जागेचे तीन फोटो काढा, फ्लॅशने आणि फ्लॅशशिवाय. मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते आणि वेळ-कॅमेऱ्याची माहिती गळते.

नवी पेठेतल्या एका दुकानदाराने रात्रीचं फुटेज दाखवलं होतं. पांढरी, लांब हातांची आकृती काउंटरवरून सरकते. आम्ही शिडी लावून कॅमेऱ्याजवळ गेलो. इन्फ्रारेड दिव्याच्या उबेला किडे येतात आणि किड्यांसाठी कोळी. लेन्सवर एक बारीक जाळं होतं आणि मालकीणबाई त्यातच बसल्या होत्या. दुकानदार जरा नाराज झाला.

वाटी फिरली म्हणून काही सांगू नका

प्लँचेटबद्दल विचारणा होतेच. वाटीवर बोटं ठेवणाऱ्यांचे स्नायू नकळत ढकलतात. मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्येच टेबल फिरवणाऱ्यांचे हात आधी सरकतात हे साध्या पुठ्ठ्यांच्या थरांनी दाखवलं होतं. तपासायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि अक्षरांचा कागद गुपचूप उलटा फिरवा. आत्म्याला अक्षरं दिसत असतील तर अडचण यायला नको.

घरी आल्यावर: चार भाषांची परीक्षा

आधी प्रती. कार्डावरची मूळ फाइल हात न लावता एका डिस्कवर, दुसरी दुसऱ्या डिस्कवर, काम तिसरीवर. मूळ फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून वहीत लिहा. संगणक फाइलवरून ६४ अक्षरांचा एक ठसा देतो, फाइलमध्ये टिंब जरी बदललं तरी तो बदलतो. उद्या कोणी “तुम्हीच घातलंय” म्हणालं तर निदान त्या दिवसापासून फाइल बदललेली नाही हे दाखवता येतं.

मग ऐकणं. स्वीडनमधले चित्रकार फ्रिडरिक युर्गेन्सन १९५९ मध्ये पाखरांचे आवाज मुद्रित करत होते, टेप ऐकताना त्यांना त्यात माणसाचा आवाज ऐकू आला. तेव्हापासून जगभर लोक टेपच्या खरखरीमध्ये शब्द शोधतायत, आणि शोधलं की सापडतातच. कानाला अर्थ हवा असतो. त्यात व्हिडिओवर खाली “इथून जा” असं लिहिलं की तुम्हाला दुसरं काही ऐकू येऊच शकत नाही.

इथे सोलापूरचा एक मोठा फायदा आहे. क्लिप कुठली, कशाची ते न सांगता, शब्द न सुचवता, निरनिराळ्या घरच्या भाषेच्या माणसांना ऐकवा. बाळीवेशीच्या बाजूच्या वाड्यातली आमची सर्वात आवडती क्लिप होती. आम्ही तिघेही शपथेवर सांगत होतो की बाई म्हणते, “ये इकडे.” नऊ जणांना ती एकेकटं बसवून ऐकवली आणि चिठ्ठीवर लिहून घेतली. मराठी घरातल्या दोघांनी “ये रे” आणि “येडे” लिहिलं. तेलुगू बोलणाऱ्या काकांना “एमिटी”, म्हणजे ‘काय’, ऐकू आलं. कन्नड बोलणाऱ्या आजींनी “इल्ली” लिहायला सांगितलं, म्हणजे ‘इथे’. एका दखनीवाल्याने “अरे भई” लिहिलं. बाकीच्यांनी लिहिलं: कबूतर. मी पुन्हा हेडफोन लावले. कबूतरच होतं. त्या दिवसापासून मला त्यात बाई ऐकूच येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

चिठ्ठ्या जपून ठेवा. नऊ जणांपैकी सात-आठ जणांनी न सांगता एकच शब्द लिहिला, तर ती क्लिप मला पाठवा. मी अजून वाट बघतोय.

घरच्यांना काय सांगायचं

“तुमच्याकडे शक्ती आहे” असं वाक्य तोंडातून जाता कामा नये. नुसती सभ्यता म्हणून नव्हे. भुताच्या नावाने घबराट पसरवणं, अंगातलं भूत काढतो म्हणून माणसाला बांधणं-मारणं, दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हे सगळं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पैसे घेऊ नका, पेट्रोलचेसुद्धा. घराचा पत्ता, चेहरे, गल्ली कुठे टाकू नका. ‘भुताचं घर’ असा शिक्का बसला की भाडेकरू मिळत नाही आणि मुलीच्या स्थळापर्यंत गोष्ट जाते.

भानामतीचं प्रकरण आलं, म्हणजे कपडे आपोआप जळणं, दगड पडणं, जेवणात माती सापडणं, तर फार हळू चाला. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांचा अनुभव असा की यामागे बहुतेकदा घरातलंच कोणीतरी असतं, आणि ते माणूस कसल्यातरी त्रासात असतं. शाळकरी पोर, दबलेली सून. तिथे छुपा कॅमेरा लावून पकडायची मर्दुमकी गाजवू नका. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांना बोलवा, समुपदेशनाची वाट त्यांना ठाऊक असते. तुम्ही बाजूला व्हा.

शेवटी अहवाल. एक पान पुरतं. काय ऐकलं, काय तपासलं, कशाचं कारण सापडलं, कशाचं नाही. ज्याचं कारण सापडलं नाही त्यापुढे ‘अनिर्णित’ लिहा. भूत लिहू नका, भ्रमही लिहू नका.

आमच्याकडे त्या नावाच्या फोल्डरात आज चार फाइली आहेत. एक होटगी रोडच्या घराची आहे, रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी बंद खोलीतल्या मुद्रकावर तीन ठोके, गच्चीवरच्या पंचावर काहीच नाही. पत्रा नाही, पाइप नाही, मांजर नाही. दोनदा जाऊन आलो. वायरमनला आता खोलीतल्या जुन्या लोखंडी कपाटाचा संशय आहे, त्याची दारं गार झाली की फुगा दाबल्यासारखी आत-बाहेर होतात म्हणे. शनिवारी कपाट बाहेर काढून रात्र काढायची ठरलीय. पाण्याचा वार नाही, विचारून घेतलंय.